काजळीची वाळू

कोल्हापुरात माझं रंगाचं दुकान आहे. येणाऱ्यातला निम्मा माणूस शेड कार्ड तासभर चाळतो, बायकोला फोन लावतो, मुलाला फोटो पाठवतो आणि शेवटी म्हणतो, "पांढराच द्या." तेव्हा पांढऱ्यावर आमचं घर चालतं म्हटलं तरी चालेल. या पांढऱ्याचा जीव टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या भुकटीत असतो आणि ती भुकटी काळ्या वाळूतून काढतात, एवढं मला धंद्यामुळे ठाऊक होतं. पण ते आपलं ऐकीव. कन्येने भूगोलाच्या पुस्तकात "रत्नागिरी : इल्मेनाइट" वाचलं. इल्मेनाइट म्हणजे त्या काळ्या वाळूतलं खनिज, असं मी सांगितल्यावर तिने विचारलं, "बाबा, म्हणजे तुमच्या डब्यातला पांढरा रत्नागिरीला काळा असतो?" उत्तर देता येईना, म्हणून जानेवारीतला एक शनिवार-रविवार आणि त्याला जोडून सोमवार काढला. दुकान भावाच्या ताब्यात दिलं. सामानात कपडे, पाण्याची बाटली आणि जुन्या स्पीकरमधून उचकटलेलं एक गोल चुंबक.

पहिला दिवस, शनिवार

साडेसहाला निघालो. रस्ता सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचाच आहे. पण त्याचं रुंदीकरण चालू असल्यामुळे त्याला किती वेळ लागेल ते रस्त्यावरच्या रोलरवर अवलंबून. मलकापूरला चहा घेतला. बायकोची संकष्टी होती, उपवासाला चहा चालतो म्हणून तिने दोनदा घेतला.

आंबा घाटात धुकं होतं. रस्त्यासाठी डोंगर जिथे कापलाय तिथे दगड उघडा पडलाय : काळाकभिन्न, ओला, मधूनच एखादा तांबूस पट्टा. हा बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतलेल्या लाव्हाचा. घाट उतरलो तशी माती लाल झाली, घरांच्या भिंती जांभ्याच्या झाल्या आणि आंब्याच्या झाडांवर मोहोर दिसायला लागला. बायकोने काच खाली केली. मोहोराचा वास आणि कामावरची धूळ एकदमच आत आली.

साखरप्याला पूल लागला. कन्येने नदीचं नाव पाटीवरून मोठ्याने वाचलं, "काजळी नदी." मग म्हणाली, "काजळाची?" मी म्हटलं, असेल. तेव्हा मला त्यात फार काही वाटलं नाही. पुढे दाभोळे, नाणीज, पाली असं करत हातखंब्याला मुंबई-गोवा रस्ता ओलांडला. आपण ज्या रस्त्यावर आहोत तो मिऱ्या-नागपूर महामार्ग आहे, म्हणजे एक टोक समुद्रात आणि दुसरं संत्र्यात, हे कळल्यावर मला उगाच त्याच्याबद्दल आदर वाटला. धूळ खाल्ल्याचं थोडं कमी वाटलं.

लॉजची खोली "सी व्ह्यू" म्हणून घेतली होती. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. तक्रार केली तर मॅनेजर शांतपणे म्हणाला, "गच्चीवर जा ना साहेब, सगळा समुद्र दिसतो." गच्चीवर गेलो. खरंच दिसत होता. भांडण तिथेच मिटलं.

मांडवीला पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. मांडवी म्हणजे जकातीची जागा, माल उतरवायचा धक्का. मुंबईतली मांडवी तीच. आता माल उतरत नाही, भेळ विकली जाते. जेट्टीच्या तोंडाशी कमान आहे, तिला इथले लोक कौतुकाने रत्नागिरीचं गेटवे म्हणतात. कमानीतून पलीकडे गेलो, पायऱ्या उतरलो आणि वाळूवर उभे राहिलो.

खरं सांगतो, निराशा झाली. डोक्यात कोळशासारखी काळी वाळू होती. समोर होती ती मळकट, राखाडी. कोणीतरी काल इथे शेकोट्या विझवल्यात अशी. बायको म्हणाली, "अहो, ही काळी आहे की नुसती मळलीय?" मी व्यावसायिक नजरेने बघितलं. कोरडी होती तिथे राखेचा रंग. लाट येऊन गेली तिथे मात्र दगडी पाटीवर ओला बोळा फिरवल्यावर पाटी जशी होते, तसा. शेड कार्डावर या रंगाला काहीतरी इंग्रजी नाव असतं आणि तो सहसा कुणी घेत नाही.

भेळेची गाडी पकडून बसलो. मी आणि कन्या खात होतो, बायको शेंगदाणे मोजत होती. सूर्य बुडाला, गर्दी पांगली. उजव्या हाताला रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर काळा पडत गेला आणि त्याच्या टोकावर दिवा लागला. एकदा फिरून आला. मग पुन्हा. कन्या आकडे मोजायला लागली. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकायची रीत वेगळी असते, त्यावरूनच बोटीवरचा माणूस ओळखतो की हा कोणता किनारा, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रिंगटोन." मी हो म्हटलं. याहून चांगलं मला सुचलं नसतं.

संकष्टीचा चंद्र नऊच्या सुमाराला. तो उगवणार गावाच्या बाजूने, आमची तोंडं समुद्राकडे. त्यामुळे चंद्राआधी आम्हाला वाळूच दिसली. ओहोटीने समुद्र बराच आत गेला होता आणि ओल्या वाळूवर हळूहळू एक चमक चढायला लागली. पांढऱ्या वाळूवर चांदणं पसरतं. इथे ते पसरत नव्हतं, कणाकणात वेगवेगळं टिचत होतं, अभ्रकाच्या रांगोळीसारखं. "उगवला," बायको मागे वळून म्हणाली आणि हात जोडले. त्यानंतर खाणावळीत तिने पाच उकडीचे मोदक खाल्ले. मी तीनवर थांबलो, पण मी भेळ खाल्ली होती, हे नोंदवून ठेवतो.

दुसरा दिवस, रविवार

कोकणातल्या माणसाला भरतीचं वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास, आणि ओहोटी सकाळी दहाच्या सुमाराला. लॉजच्या पोऱ्याने हा हिशोब चहा ठेवता ठेवता केला. आम्ही साडेआठला मांडवीवर.

सकाळच्या तिरप्या उन्हात कालची वाळू ओळखूच येईना. ओहोटीने उघड्या पडलेल्या पुळणीवर पट्टे होते : काळा, करडा, परत काळा, इरकली लुगड्याच्या काठासारखे. मधले करडे पट्टे हाताला भुसभुशीत, काळे पट्टे घट्ट. कन्येने करवंटीने वीतभर खड्डा खणला. कडेला थर स्पष्ट दिसले. दोन बोटं काळं, मग राखाडी, मग सुतासारखी बारीक काळी रेघ. करवंटीभर काळी वाळू उचलली आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आश्चर्य दिसलं. "बाबा, जड आहे!"

जड होतीच. साधी वाळू म्हणजे बहुतेक गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा चुरा, पाण्याच्या अडीचपट-पावणेतीनपट जड. इल्मेनाइट पावणेपाचपट आणि त्याच्या जोडीचं दुसरं काळं खनिज, मॅग्नेटाइट, पाचपटीच्या वर. आमच्या कोल्हापुरात गुजरीत झारेकरी असतात. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून नेतात आणि पाटीत पाणी घालून हलवत राहतात. हलकं वाहून जातं, सोन्याचे कण तळाशी राहतात. इथे पाटी म्हणजे ही पुळण आणि झारेकरी म्हणजे समुद्र. लाट जोरात येते तेव्हा सगळंच वर आणते. परत जाताना तिच्यात तेवढा दम नसतो, ती शिंपल्यांचा चुरा आणि गारेचे कण नेते, जड काळं जागेवर टाकते. वर्षानुवर्षं हेच.

आता चुंबक. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवायचं, थेट नाही. नाहीतर चिकटलेले कण आयुष्यभर सुटत नाहीत. कन्येने पिशवी टेकवली मात्र, काळे कण उडी मारून चिकटले. बघता बघता चुंबकाला दाढी आली, उभ्या केसांची, साळिंदरासारखी. चुंबक बाजूला घेतल्यावर दाढी गळून कागदावर पडली. कागदाखाली चुंबक फिरवलं की ती चालायला लागायची. हा खेळ पाऊण तास चालला आणि मी त्यात लहान मुलापेक्षा कमी गुंतलो होतो असं म्हणणार नाही.

झडप घालून चिकटतो तो मॅग्नेटाइट. इल्मेनाइट आळशी. साध्या चुंबकाला तो जेमतेम दाद देतो, त्याला फार जोरदार चुंबक लागतं. तेव्हा दाढी काढून घेतल्यावर मागे जी काळी वाळू उरली, माझी खरी मंडळी तिच्यात होती. इल्मेनाइट म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. त्यातलं लोखंड काढून टाकलं की राहते ती पांढरी शुभ्र भुकटी. ती प्रकाश इतका मोडते की त्या बाबतीत हिराही तिच्या मागे. म्हणून तर काळ्या भिंतीवर दोन हात मारले की खालचं काही दिसत नाही. आमच्या भाषेत कव्हरेज. केरळात चवऱ्याला हा उद्योग मोठा आहे, तिथलीही पुळण काळीच.

टायटॅनियम सापडलं तेही असंच. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्रीने ओढ्यातली काळी वाळू उचलली, ती चुंबकाला लागते हे पाहिलं आणि तिच्यात लोखंडाखेरीज आणखी एक अनोळखी धातू आहे हे ओळखलं. कन्येला हे सांगितल्यावर तिने आमच्या स्पीकरच्या चुंबकाकडे जरा मानाने पाहिलं.

जाळं खांद्यावर टाकून एक म्हातारबा चालले होते. आमचा उद्योग बघून थांबले. "काय शोधताव?"

"वाळू बघतोय, काका. काळी आहे ना."

"पावसानंतर यायचं. तेव्हा काळी बघा, नुसती शाई. उन्हाळ्यात परत फिकी पडते." त्यांनी अंगठ्याने पट्टा उकरला. "आणि दुपारी इथं उभं राहू नका. पाय भाजतील."

पुढे निघाले, मग परत वळून म्हणाले, "घरी नेऊ नका हां. सगळ्यांनी बाटलीबाटली नेली तर आमाला काय ऱ्हायचं?" कन्येच्या हातात बाटली होतीच. ती तिने निमूट ओतली.

अकरानंतर त्यांचं खरं झालं. अनवाणी चालवेना. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा पिऊन घेतो, हे मी गिऱ्हाइकांना गच्चीच्या रंगाबद्दल रोज सांगतो. पण तळपायाला समजणं वेगळं. बायकोने चपला हातात धरल्या होत्या, त्या तिने जवळजवळ धावतच घातल्या.

तसेच किल्ल्यावर गेलो आणि तिथे फजिती झाली. गाडी वरपर्यंत जाते, दीपगृहाच्या फाटकापाशी पोचलो तर कुलूप. पर्यटकांसाठी वेळ दुपारनंतरची, आणि घड्याळात वाजले होते सव्वाबारा. पाटीवर सगळं लिहिलेलं होतं, वाचायचा आळस आमचा. बायको म्हणाली, "दुकान उघडायच्या आधी गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय म्हणता?" मी काही बोललो नाही.

मधल्या वेळात जेवण (बांगडा, सोलकढी, आणि दोघांचं न बोलता ठरलं की संध्याकाळचं जेवण रद्द) आणि थिबा राजवाडा. १८८५ च्या युद्धात ब्रह्मदेश घेतल्यावर इंग्रजांनी तिथल्या राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. वाडा सुंदर आहे, हवेशीर आहे. पण मला तिथे फार वेळ थांबवेना. मोठ्या खिडकीतून खाडी दिसते आणि आपल्याला ती बघून निघून जाता येतं, त्याला येत नव्हतं, हा विचार एकदा आला की खांब-कमानी बघण्यात लक्ष लागत नाही. टिळकांचं जन्मघर बाहेरून बघितलं. पतितपावन मंदिरात जाऊन आलो. लक्ष घड्याळाकडेच होतं.

चार वाजता पुन्हा किल्ल्यावर.

रत्नदुर्गाचा आकार घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंना समुद्र. बहामनी काळातला किल्ला, पुढे आदिलशाही, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, नंतर आंग्रे, १८१८ पासून इंग्रज. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे. तिथे दर्शन घेतलं. दीपगृह आहे ते वेगळ्या उंचवट्यावर, सिद्ध बुरुजावर. इथे पहिल्यांदा दिवा लागला १८६७ साली. मराठ्यांच्या बुरुजावर इंग्रजांचा दिवा. शत्रूची बोट टिपायला बांधलेली जागा बोट वाचवायला वापरायची, हे मला आवडलं. जागा मात्र दोघांनी तीच निवडली, कारण दोघांनाही लांबचं दिसायला हवं होतं.

तिकीट किरकोळ होतं. गोल जिना. आतल्या भिंती पांढऱ्या. माझा हात सवयीने भिंतीवरून फिरला. खाऱ्या वाऱ्यात रंग किती टिकतो याबद्दल तिथल्या कर्मचाऱ्याशी माझं दहा मिनिटं बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांत रंगारी थोडे असणार. एवढंच सांगतो की समुद्राकडची बाजू आधी फुगते, आणि पुट्टी कितीही चांगली असली तरी फुगते.

वर काचेच्या खोलीत दिव्याभोवतीचं भिंग. कन्येला वाटलं होतं आत प्रचंड मोठा दिवा असेल. दिवा निघाला लहानसा, कमाल सगळी काचेची. कडेकडेने कापलेल्या काचेच्या पट्ट्या प्रत्येक किरणाला जरासा वाकवतात आणि सगळ्यांना एकाच दिशेला लावून देतात, शाळेतल्या कवायतीसारखं. खोलीच्या काचांना पडदे होते. "हे कशाला?" तिने विचारलं. कर्मचारी म्हणाला, "बाळा, दिवसा सूर्य उलट्या वाटेने आत येतो ना. भिंग त्याला एका जागी गोळा करतं. पडदा नसेल तर आतलं सगळं जळून जाईल. संध्याकाळी पडदे काढायचे, सकाळी लावायचे." मला हे माहीत नव्हतं. दीपगृहाला सगळ्यात मोठी भीती उजेडाचीच.

बाहेरच्या गोल सज्जात आलो तर वाऱ्याने टोपी नेली असती. उत्तरेला मिरकरवाड्याचं बंदर, खच्चून भरलेले ट्रॉलर, त्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर आणि मधली ती आत वळलेली फिकट किनार. दक्षिणेला मांडवी, खाडीचं तोंड, पलीकडे भाट्याचं सुरूचं बन. भरती नुकतीच उतरायला लागली होती. पुळण थोडीच उघडी होती, पण सकाळी जे पायाखाली पट्टे-पट्टे दिसलं होतं ते इथून एकसंध होतं. कडेला काजळाची कोर ओढल्यासारखं.

आणि मग पाणी बघितलं. रत्नागिरीचे लोक काळी वाळू, पांढरी वाळू असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. मांडवीकडचा तो काळा, मिऱ्याकडचा तो पांढरा. मला कालपासून ही बोलायची पद्धत वाटत होती. वरून दिसलं की शब्दशः खरं आहे. मांडवीच्या बाजूला उथळ पाण्याखाली गडद तळ होता, त्यामुळे पाणीच शाईसारखं दिसत होतं. मिऱ्याच्या बाजूचं फिकट, दुधाळ हिरवं. आम्ही रंगवाले याला बेसचा परिणाम म्हणतो. वरचा हात पातळ असला की खालचा रंग उतरतो. खालची भिंत काळी असेल तर आकाशी लावून बघा, कधी आकाशी दिसणार नाही. नावं ठेवणारा माणूस किल्ल्यावर उभा असणार किंवा होडीत. भेळेच्या गाडीपाशी नक्की नव्हता.

बायको सज्जाच्या कठड्याला धरून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काल मी मळकी म्हणाले ना, ते परत घेते." इतक्या वर्षांच्या संसारात तिने मागे घेतलेलं हे बहुधा दुसरं वाक्य. पहिलं माझ्याबद्दल नव्हतं.

आमची वेळ संपली. खाली उतरलो. गाडीपाशी थांबून दिवा लागायची वाट बघायचं ठरवलं होतं, पण वरून खाली यायला सांगितलं गेलं तसं फाटकाबाहेरूनही, किल्ला रिकामा करायची वेळ म्हणून. दिवा लागलेला लॉजच्या गच्चीवरून पाहिला. पाण्याच्या टाकीच्या डाव्या बाजूने, नीट दिसतो.

तिसरा दिवस, सोमवार

सकाळी मिरकरवाडा. बर्फाचे चुरे, टोपल्या, लिलावाची ओरड, आणि असा वास की कन्येने रुमाल नाकाला लावला तो गाडीत बसेपर्यंत. बायकोने सुरमईचा भाव विचारला, कोल्हापुरातला भाव आठवला आणि काही क्षण खिन्न झाली. बर्फाची पेटी आणली नव्हती, माझी चूक.

मग पांढरा समुद्र. इथे मला काळ्या-पांढऱ्याचं हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं झालं, कारण पांढरी वाळू फारशी उरलेली नाही. समुद्र ती खातोय. किनाऱ्यावर दगडांचा बंधारा आहे आणि बऱ्याच ठिकाणी पाणी थेट त्यालाच धडकतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा बसरा स्टार नावाचं एक तेलवाहू जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं. दीपगृह हाकेच्या अंतरावर होतं. पण दिवा वाट दाखवतो, वादळाला अडवत नाही. चहाच्या टपरीवरच्या बाई म्हणाल्या, "लहानपणी आम्ही इथं लगोरी खेळायचो." त्यांनी बोट दाखवलं तिथे पाणी होतं.

कन्येने तिथल्या मूठभर वाळूवरही चुंबक फिरवलं. थोडे काळे कण आलेच. पांढरा म्हटलं तरी अगदी पांढरा नव्हता, माझ्या दुकानातल्यासारखंच. पांढऱ्यातही शंभर पांढरे.

राजिवड्यावरून भाट्याच्या पुलावर गेलो, परत फिरायच्या आधी एकदा खाडी ओलांडायची म्हणून. पुलाच्या मध्यावर गाडी हळू केली. डाव्या हाताला खाडी आत आत जात होती, गढूळ, शांत, कांदळवनातून. उजव्या हाताला समुद्र आणि मांडवीची काळी कोर. पुलावरची पाटी कन्येने वाचली आणि ओरडली, "बाबा, काजळी! तीच!"

तीच. शनिवारी साखरप्याला जी ओलांडली ती नदी इथे समुद्राला मिळते. म्हणजे आंबा घाटाच्या अंगाचा तो ओला काळा दगड पावसाने कुजवायचा, ओढ्यांनी ओढून काजळीत टाकायचा, काजळीने दळत दळत इथवर आणायचा आणि पुढे झारेकऱ्याच्या स्वाधीन करायचा. नदीचं नाव वाळूवरून पडलं की पाण्यावरून, मी सांगू शकत नाही. पण मांडवीच्या मागे उभी असलेली नदी काजळी आहे, हे इतकं चपखल आहे की रस्त्यात गाडी थांबवून मी दोनदा हसलो. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

भाट्याला नारळपाणी पिऊन परत फिरलो. हातखंबा, पाली, नाणीज. रोलर, डायव्हर्जन, धूळ. आंबापोळी आणि फणसपोळीच्या पिशव्या कन्येच्या मांडीवर. चारच्या सुमाराला साखरपा आलं. मी काही बोलायच्या आतच तिने चपला घातल्या होत्या आणि चुंबक पिशवीत घातलं होतं.

पुलाच्या अलीकडे गाडी लावली. नदीला जानेवारीतलं पाणी, गुडघ्याएवढं, स्वच्छ. काठावर गोटे, गोट्यांमध्ये जाडसर तपकिरी वाळू. मांडवीपेक्षा कितीतरी भरड, कणाकणाला अजून कोपरे शाबूत. एक बाई चादरी आपटत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. कन्या उकिडवी बसली आणि पिशवी वाळूवरून फिरवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा दोन गोट्यांच्या आडोशाला, पाणी जिथे वळण घेऊन मंद होतं तिथे. पिशवी वर उचलली. तळाला काळी, आखूड, दोन दिवसांच्या खुंटासारखी दाढी.

"अजून वाढायचीय," ती म्हणाली, पिशवी उलटी केली, आणि दाढी पाण्यात पडून रत्नागिरीच्या दिशेने गेली.